नववीला समाजसेवेचे सक्तीचे तास नकोत, वर्षभर एकच ठिकाण हवं

खाडीकाठी (ऐरोली)

आमच्या मुलाच्या शाळेतून जूनमध्ये परिपत्रक आलं. आठवी-नववीच्या प्रत्येकाने वर्षात वीस तास समाजसेवा करायची. पाच ठिकाणं शाळेने ठरवलीत: वृद्धाश्रम, बालगृह, पालिकेची एक शाळा, खाडीकाठची सफाई आणि गोशाळा. प्रत्येक ठिकाणी एकदा जायचं, चार तास थांबायचं, वहीत सही-शिक्का घ्यायचा. वीस तास भरले की प्रमाणपत्र. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मी विरोध केला, तर "तुम्हाला मुलांनी समाजसेवा केलेली नको का?" असं ऐकून घ्यावं लागलं. हवी आहे, आणि म्हणूनच हा धागा काढतोय.

चार तासांत काय होतं ते बघा. वृद्धाश्रमात शिरले, गाणं म्हटलं, फळं वाटली, फोटो काढला, बस सुटली. ज्या आजींशी गप्पा मारल्या त्यांचं नाव पुढच्या महिन्यात लक्षात राहत नाही, कारण पुढच्या महिन्यात गोशाळा असते. आजींनाही काय मिळतं? दर खेपेला नवी मुलं आणि तेच प्रश्न: नाव काय, गाव कुठलं, किती वर्षं झाली इथे.

बैठकीत परदेशाचे दाखले दिले गेले. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 1999 पासून शालान्त पदविकेसाठी 40 तास लागतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने त्याआधी, 1992 मध्येच, अशी अट घातली. दोन्ही खरं आहे. पण ऑन्टारियोत ते तास चार वर्षांत मिळून भरायचे असतात आणि कुठे जायचं हे मूल आणि पालक ठरवतात. आपण आकडा घेतला, निवड सोडून दिली. शिवाय इतक्या लांब जायची गरजच नाही. राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे 1969 पासून आहे. तिथेही वर्षाला 120 तास आहेत, पण त्याच्या जोडीला दत्तक गाव आहे, सात दिवसांचं शिबिर आहे. दत्तक घेतलेलं गाव कुणी दर महिन्याला बदलत नाही.

माझी मागणी अशी: एका तुकडीला एक ठिकाण, जून ते फेब्रुवारी. काम काय ते त्या ठिकाणच्या लोकांनी सांगायचं. तास मोजायचे नाहीत, प्रमाणपत्र द्यायचं नाही, ज्याला जायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही.

नेरुळची आई

शेवटचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. आठवीपासून क्लास सुरू होतात. माझी मुलगी पाच ते आठ क्लासला असते, रविवारी टेस्ट. ऐच्छिक ठेवलंत तर जाणार कोण? ज्यांच्या घरात मुळातच तसं वातावरण आहे ती पाच-सहा मुलं. बाकीच्यांनी सोसायटी, क्लास आणि मॉल यापलीकडे काही बघायचंच नाही का? गणित सक्तीचं, पी.टी. सक्तीची. तिथे आपण "मनापासून वाटलं तरच ये" म्हणत नाही. सीआयएससीई (आयसीएसईची परीक्षा घेणाऱ्या) मंडळाच्या शाळांत समाजोपयोगी काम आणि समाजसेवेला कित्येक वर्षं श्रेणी मिळते, मुलांचं त्यात काही बिघडलं नाही.

प्रमाणपत्राबद्दलही तेच. मुलाने शनिवार खर्ची घातला, त्याची नोंद झाली, पुढे अर्जाला लावता आली, तर त्यात गैर काय?

दिवाळे कोळीवाडा

मी फक्त खाडीचं बोलतो. शाळेच्या बस शनिवारी सकाळी आठला येतात. आमच्याकडे भरतीचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. एकादशीला सव्वाआठला पाणी भरलेलं असतं. त्या दिवशी आठला आलात तर कचरा पाण्याखाली आणि मुलं हातमोजे घालून काठावर उभी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला सुकती, ओहोटी. त्या दिवशी या. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरायचा, एवढंच. खाडी शाळेच्या वेळापत्रकाने चालत नाही, शाळेला खाडीच्या वेळेने यावं लागेल.

दुसरं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात, झाड त्यातून श्वास घेतं. प्लास्टिकची पिशवी त्याच मुळांना पीळ घालून बसलेली असते, अर्धी वर, अर्धी चिखलात. पोरगं जोर लावून ओढतं आणि पिशवीबरोबर मुळाचं टोक मोडून हातात येतं. पिशवी आधी कात्रीने फाडायची, मग खालून सैल करायची, मग काढायची. पायाखाली तिवराची बोटभर रोपं असतात, ती कचऱ्यासारखीच दिसतात. एवढं शिकवण्यात पहिला दिवस जातो. तीच मुलं दुसऱ्यांदा आली तर खरं काम होतं. दर वेळी नवी आली तर आमचा पहिला दिवस संपतच नाही. आणि कांदळवनात उतरायला वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारावं लागतं, हे बऱ्याच शाळांच्या गावीही नसतं.

ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली हे मुलांना पाठ असतं. कुठला मासा मिळेनासा झाला ते विचारायला मात्र कुणी बंदरावर येत नाही. या की. जाळं विणताना बसा आमच्याजवळ, सगळं सांगू.

निवृत्त मास्तर (ठाणे)

दोन्ही बाजूंना शिक्षकाचा विसर पडलाय. तुकडीत पन्नास-साठ मुलं. चिखलात पाय घसरला, काच लागली, तर जाब वर्गशिक्षकाला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला द्यायचं नाही. तुम्ही म्हणाल, हे शैक्षणिकच आहे. मग वेळापत्रकात तासिका द्या, शिक्षकाची सुट्टी का खाता?

आणि मला मुळात बाहेर जाण्याचाच हा सोस कळत नाही. गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका रुजवलं. तिथली मुलं कुणावर उपकार करायला बसने जात नव्हती. आपलं आवार झाडत होती, आपल्या हाताने राबत होती. तुमच्या मुलांनी आधी एक वर्ष स्वतःचा वर्ग आणि स्वतःचं शौचालय साफ करावं. बघा किती पालक तक्रार घेऊन येतात ते. वृद्धाश्रमात फळं वाटायला सगळे तयार असतात.

खाडीकाठी (ऐरोली)

मास्तर, तासिकेचं पूर्ण मान्य. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेत, आठवीला निदान ते वापरता येतील. वर्ग झाडणंही व्हायला हवं. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. स्वतःचा वर्ग झाडणारं मूल शिस्त शिकेल. आपल्यासारखं घर नसलेल्या माणसाशी बरोबरीने बोलायला ते वर्गात कसं शिकेल? आमच्या शाळेत तसं मूल बसतच नाही, फी भरणाऱ्यांचीच मुलं बसतात.

दिवाळ्याच्या दादांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं मांडलं. नेरुळच्या ताई, "पहिला दिवस संपतच नाही" याला तुमच्या वीस तासांत उत्तर काय?

नेरुळची आई

उत्तर आहे. वीसही तास खाडीवरच द्या. सक्ती राहू दे, ठिकाणं पाचाची एक करा. तुम्ही सक्ती आणि धावपळ या दोन गोष्टी एकत्र बांधून दोन्हींना झोडपताय. माझं भांडण फक्त सक्तीपुरतं आहे.

लेखनिक जुळवणारी (ठाणे)

मी ज्या संस्थेत काम करते तिथे दृष्टिहीन मुलांसाठी लेखनिक, म्हणजे परीक्षेत प्रश्न वाचून त्यांनी सांगितलेलं उत्तर लिहिणारं मूल, मिळवून देतो. आमच्या बाजूने सांगते.

साठ मुलांची बस दोन तासांसाठी येते तेव्हा आमचे दोन कार्यकर्ते पूर्ण दिवस अडकतात. चहा-बिस्किटं, आवराआवर, ओळखपरेड, मग शाळेला हवा असलेला फोटो. नाही म्हणवत नाही, कारण उद्या त्याच शाळेतला कुणी पालक देणगी देईल अशी आशा असते. हे उघड कुणी बोलत नाही म्हणून बोलतेय. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 ने मनाई आहे, तरी त्यांचे चेहरे शाळेच्या पेजवर येतात.

आम्हाला खरी गरज कशाची असते? दहावीच्या परीक्षेला लेखनिक एक इयत्ता खालचा लागतो, म्हणजे नववीचाच. तुम्ही ज्या मुलांना फळं वाटायला पाठवता नेमकी तीच. वाशीच्या विभागीय मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते. परीक्षार्थीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तेवढा वेळ लेखनिकालाही बसावं लागतं. आणि हे काम नुसतं सुवाच्य अक्षराचं नाही. प्रश्नाबरोबर गुणही वाचून दाखवायचे, नाहीतर समोरचा दोन गुणांना पानभर सांगत बसतो. "जोड्या लावा" आलं की उजवीकडचा रकाना तीन-चारदा वाचावा लागतो, न कंटाळता. उत्तर चुकतंय हे कळत असूनही तोंडातून ब्र काढायचा नाही, चेहरा दिसत नसला तरी श्वास बदललेला त्याला ऐकू येतो. म्हणून दिवाळीनंतर दोघांना सरावाला एकत्र बसवतो. आवाज ओळखीचा झाला की वेग वाढतो.

आता सक्तीचं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी "आमच्या मुलाची स्वतःची परीक्षा जवळ आलीय, जमणार नाही" असा फोन येतो. ज्यांनी स्वतःहून नाव दिलेलं असतं त्यांच्या घरून हा फोन क्वचित येतो. तासांसाठी आलेल्यांकडून येतोच. नेरुळच्या ताई, सक्तीने आलेलं मूल पेपरला आलं नाही, तर आमच्या मुलाचं वर्ष जातं. तुमच्या मुलीचे फक्त तीन तास जातात.

तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा भरते, महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ मिळून चालवतात. रोज तिथेच भरते म्हणून मुलं येतात. महिन्यातून एकदा भरली असती तर कुणी फिरकलं नसतं.

पालिका शाळा (तुर्भे)

त्या पाच ठिकाणांच्या यादीत "पालिकेची एक शाळा" आहे ना, तशाच एका शाळेत मी शिकवते. माझी मुलं दर वर्षी रांगेत उभी राहतात आणि कंपास पेटी घेतात. यंदा दोन वेगळ्या शाळांनी दिल्या. पेट्या मुलं वापरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सातवीतला एक मुलगा पाहुण्यांच्या देखत मला म्हणाला, "टीचर, यांच्याशी मॅच लावा ना." पाहुण्या शिक्षिकांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या वेळी लावू म्हणाल्या. पुढच्या वेळी दुसरीच तुकडी आली.

माझ्या वर्गात घरी कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी मुलं आहेत, मराठी शाळेत शिकून तीन-तीन भाषांत भांडतात. कबड्डीत तुमच्या मुलांना उभं राहू देणार नाहीत. ती देणाऱ्याच्या जागी कधी बसणार? वर्षभर एकच ठिकाण म्हणता तर दोन्हीकडची मुलं एकाच संघात घ्या, एकाच प्रकल्पावर बसवा. एकदा आमच्याकडे, एकदा तुमच्याकडे. तुमच्या फाटकातून आमची मुलं आत आलेली तुमच्या पालकांना चालणार असेल तर.

बारावी, कळवा

मी सक्तीनेच गेले होते. नववीत, वृद्धाश्रमात. तास भरल्यावरही जात राहिले, कारण एका आजोबांना पेपर वाचून दाखवायला कुणी नव्हतं. सक्ती नसती तर मी त्या दारातच गेले नसते. वर्गातल्या बाकी बहुतेकांनी मात्र वॉचमनकाकांकडून सही आणली, हेही खरं आहे.

निवृत्त मास्तर (ठाणे)

बघा. सही आणण्याचं शिक्षण पक्कं झालं.

खाडीकाठी (ऐरोली)

कळव्याच्या ताईंचं उदाहरण मी बाजूला सारणार नाही. पण त्यांना तिथे थांबवलं ते आजोबांनी, विसाव्या तासाने नव्हे. त्या परत त्याच दारात जाऊ शकल्या. आमच्या परिपत्रकात दुसऱ्यांदा जायची सोयच नाही.

पुढच्या बैठकीत मांडायला मसुदा करतोय. प्रत्येक तुकडीने जूनमध्ये ठिकाणच्या माणसांना वर्गात बोलवायचं, त्यांनी एका पानावर गरज लिहून द्यायची, तारखाही त्यांच्याच. खाडीच्या तारखा दिवाळे-ऐरोलीच्या कोळ्यांना विचारून. पालिका शाळेबरोबर वाटप बंद, संयुक्त संघ सुरू, आणि सामने दोन्ही मैदानांवर. लेखनिकाचं काम फक्त स्वेच्छेने, पालकांच्या लेखी हमीसह. फोटो नाहीत. नेरुळच्या ताई, ओळखीच्या पहिल्या दोन भेटी सगळ्यांना सक्तीच्या असायला माझी हरकत नाही. त्यापुढे सक्ती आणि प्रमाणपत्र, दोन्हींना विरोध कायम.

नेरुळची आई

दोन भेटींनी काही होत नाही. दिवाळ्याचे दादाच म्हणाले, पहिला दिवस शिकण्यातच जातो. किमान सहा ठेवा. लेखनिकाच्या कामाला सक्ती नको, हे मात्र तुमचं बरोबर. माझ्या मुलीच्या शाळेतही हेच परिपत्रक आलंय, तर मसुदा इथे टाका. आमच्या बैठकीत मी तो मांडेन, सहा भेटींच्या दुरुस्तीसह.

लेखनिक जुळवणारी (ठाणे)

लेखनिकांची नावं दिवाळीच्या सुट्टीआधी हवीत. परीक्षा फेब्रुवारीत असली तरी सराव आणि मंडळाची परवानगी दोन्हीला वेळ लागतो. मराठी आणि हिंदी अस्खलित वाचणारी मुलं आधी.

पालिका शाळा (तुर्भे)

त्यात आमच्या नववीतल्या चार मुली घ्या. वाचन चांगलं आहे. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.