मदत हवी आहे: पद्मिनीला एलईडी इंडिकेटर लावल्यावर डावी-उजवी बाजू एकत्र मिचकते

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, १२ व्होल्ट, बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली (अर्थ), अजून डायनामोवरच (इंजिन हळू फिरताना कमी वीज देणारा जुना जनरेटर). सिग्नलला थांबलं आणि ब्रेक दाबला की सगळे दिवे पिवळट पडतात, म्हणून कमी करंट घेणारे एलईडी. हेडलाइट मूळचेच ठेवायचे आहेत.

ब्रेक आणि टेललाइटचं जमलं. लाल काचेमागे पांढरा एलईडी गुलाबी दिसत होता, लाल घातल्यावर सुंदर गडद रंग आला. अडलंय इंडिकेटरवर.

चारही २१ वॅटचे बल्ब काढून पिवळे एलईडी घातले, तर दिवे नुसते लागून राहतात. जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा स्विच) गरम होऊन चालणारा, त्याला एवढा कमी करंट पुरत नाही हे कळलं. करंट वाढवायला एलईडीच्या जोडीला ६ ओहम, ५० वॅटचे रेझिस्टर लावले. मिचकायला लागलं, पण मागचा रेझिस्टर हात लावता येणार नाही इतका तापतो. काढून टाकले. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून तीन पिनचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला, अर्थ नीट दिली. आता वेग बरोबर आहे, पण डावा इंडिकेटर दिला की उजवेही मंद मिचकतात.

डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून, त्यांच्या तारांच्या मध्ये जोडलेला एकच हिरवा दिवा आहे, त्याचा बल्ब काढला की दोष जातो. म्हणजे करंट त्यातूनच पलीकडे जातोय. तो दिवा मला हवाच आहे, आणि मूळ वायरिंग कापायचं नाही.

दोन्ही बाजूंच्या तारांना एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावून हिरव्या दिव्याचं दुसरं टोक अर्थला द्यायचं, असं कुणी केलंय का? होल्डरला बॉडीपासून वेगळी अर्थ कशी दिलीत?