ऑर्थो-कार्बोरेनवरचा अँड्रोजन ब्लॉकर आठवड्यात निकामी होतो

प्रश्न:
माझा अँड्रोजन रिसेप्टरचा ब्लॉकर ऑर्थो-कार्बोरेनवर (दहा बोरॉन आणि शेजारशेजारच्या दोन कार्बनांचा पिंजरा) बांधलेला आहे: एका कार्बनवर 4-सायनोफेनिल आणि दुसऱ्यावर हायड्रॉक्सीमिथिल आहे. डीएमएसओ या द्रावकातला 10 मिलिमोलर साठा ताजा असेपर्यंत रिसेप्टरला छान चिकटतो, आठवड्याने बंधन पार घसरतं. वस्तुमान वर्णपटमापकाच्या ऋण मोडमध्ये (ऋणभारित कण मोजताना) रेणुभारापेक्षा 11ने कमी वस्तुमानाचा पुंजका दिसतो. पिंजरा फुटतोय का?

उत्तर 1:
होय, 11 कमी म्हणजे एक बोरॉन गेला. क्लोझोचं (बंद पिंजऱ्याचं) निडो (एक कोपरा गेलेला उघडा पिंजरा) झालं. ऑर्थोत दोन्ही कार्बनना चिकटलेले बोरॉन इलेक्ट्रॉनांना सर्वांत भुकेले असतात, ओल्या डीएमएसओतलं पाणीसुद्धा तिथे हल्ला करतं. निडोवर ऋणभार येतो आणि रिसेप्टरच्या तेलकट खिशात त्याला जागा उरत नाही. खात्रीसाठी प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनांच्या चुंबकीय वर्णपटात) −2 ते −3 पीपीएम दरम्यान रुंद उंचवटा शोधा. बोरॉन एनएमआर क्वार्ट्झ नळीत घ्या, साध्या काचेतला बोरॉन पार्श्वभूमी गढूळ करतो.

उत्तर 2:
साठा सुकवत बसण्यापेक्षा पॅरा पिंजरा (दोन कार्बन समोरासमोरच्या टोकांना) घ्या. यासुयुकी एंडो यांच्या गटाने 1999मध्ये स्टिरॉइडच्या सांगाड्याऐवजी कार्बोरेन वापरून इस्ट्रोजेनसारखी संयुगं दाखवली, त्यातही पॅराच होता. त्यात एकही बोरॉन दोन्ही कार्बनना लागून नसतो, म्हणून तो टिकतो.

क्रम मात्र सांभाळा. आधी ब्युटिललिथियम आणि पॅराफॉर्मल्डिहाइडने हायड्रॉक्सीमिथिल बसवा, ते सिलिल (सिलिकॉनच्या संरक्षक) गटाने झाका, मग 1.1 सममूल्य ब्युटिललिथियम, कोरडं क्युप्रस क्लोराइड, पिरिडिन आणि 4-आयोडोबेंझोनायट्राइल घालून डायमिथॉक्सीइथेनमध्ये रिफ्लक्स करा (वाफ थंड करून परत पाडत उकळा). उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्या खेपेचं ब्युटिललिथियम नायट्राइलवरच तुटून पडेल. सिलिल आम्लाने काढा. फ्लोराइड ऑर्थो पिंजरा फोडतं, ती सवयच नको. द्रावक उडवताना रोटाव्हेपवर निर्वात फार ताणू नका, न वापरलेलं कार्बोरेन उडून कंडेन्सरवर पांढरं साचतं. टीएलसीच्या (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या) पट्टीवर डाग दिसावेत म्हणून पॅलेडियम क्लोराइडचा फवारा द्या.

प्रश्नकर्ता:
पॅरात दोन्ही हात सरळ रेषेत जातील. बंधन तेवढंच राहील?

उत्तर 3:
गृहीत धरू नका. मेटाही (दोन कार्बनांमध्ये एक बोरॉन असलेला पिंजरा) सोबत बनवा, त्याचा कोन मधला आहे. पण तोही अल्कलीत हळूहळू फुटतो. चाचणी फक्त एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर नको: त्या पेशींतल्या रिसेप्टरच्या टी877ए उत्परिवर्तनामुळे हायड्रॉक्सिफ्लुटामाइडसारखा ब्लॉकरही रिसेप्टरला चालू करतो. उत्परिवर्तन नसलेल्या मूळ रिसेप्टरचा रिपोर्टर (रिसेप्टर चालू झाला की सिग्नल देणारी पेशी-चाचणी) घ्या, आणि त्याच प्लेटवर पेशी जिवंत आहेत का तेही मोजा. कार्बोरेन पाण्यात गुठळ्या धरतं, आणि मेलेल्या पेशींचा पडलेला सिग्नल हुबेहूब ब्लॉकरसारखाच दिसतो.