नऊ किलो, अठ्ठेचाळीस हजार आणि पोळ्यांची बाई

त्रिमूर्तीनगर_४९

परवापासून एक पोस्ट फिरते आहे, बहुतेकांनी वाचली असेल. आपल्याच नागपूरचे गृहस्थ, वय ५२. रोज पहाटे सेमिनरी हिल्सला चालणं, दिवसातून दोनदाच जेवण, ऑफिसबाहेरचे तर्री-पोहे बंद, एसी विकून कूलर, स्वयंपाकाची बाई बंद. आठ महिन्यांत ९ किलो उतरले आणि ४८ हजार वाचले. इथवर माझं काही म्हणणं नाही. शेवटची ओळ मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये: 'पन्नाशीत ज्यांचं वजन उतरत नाही आणि पैसा टिकत नाही, त्यांच्याकडे फक्त बहाणे असतात.'

मी त्यांच्यातलीच, म्हणून लिहिते.

माझं वजन ७४. पाळी जाऊन दीड वर्ष झालं, थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे. चाळिशीत दोन महिने भात सोडला की ब्लाउज सैल व्हायचे. आता तोच भात सोडून काटा हलत नाही, आणि वाढतं ते सगळं पोटावर. घरी सासूबाई आहेत, ८१ वर्षांच्या, इन्सुलिनवर. त्यांचं खाणं घड्याळावर चालतं: नाश्ता, अकराला काहीतरी, दीडला जेवण, पाचला पुन्हा थोडं, रात्रीचं जेवण. मुलगा बारावीला, क्लासहून येतो नऊला. यांचा डबा सकाळी आठला. मी स्वतः दोनदाच जेवायचं ठरवलं तरी दिवसातून सात वेळा माझा हात अन्नाला लागतो. ताटात उरलेली अर्धी पोळी टाकवत नाही, ती कुणाच्या पोटात जाते ते घरोघरच्या बायकांना माहीत आहे.

आता त्या गृहस्थांचा हिशोब. बाईला महिन्याचे २,५०० देत होतो, असं त्यांनीच लिहिलंय. आठ महिन्यांचे झाले २० हजार. म्हणजे ४८ हजारांतले २० हजार वाचलेले नाहीतच. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेलं. बाई गेल्यावर पोळ्या कोण लाटतं, हे एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये एका शब्दानेही आलेलं नाही. दोन जेवणांची वेळ काटेकोर पाळता येते, कारण त्या वेळेला कुणीतरी गरम ताट समोर आणून ठेवतं. ती जिद्द एकट्याची नाही.

आणि पहाटे सव्वापाचला सेमिनरी हिल्स. मी दोनदा गेले. एकदा कुत्री मागे लागली, एकदा बाइकवरचे दोन पोट्टे. तेव्हापासून गच्चीवर चालते. गच्चीवरच्या चालण्याने वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्यासोबत यावं.

हिंगणा_पहिली_पाळी

ताई, राग समजला, पण त्या माणसाने केलं ते खोटं नाही. मी स्वतः केलंय. ४६व्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.१ आली. वडील ५६ला गेले, शुगर आणि हार्ट. त्या रात्री झोप लागली नाही. दीक्षित डॉक्टरांची पद्धत धरली: कडक भूक लागेल तेव्हा, दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. वर्षभरात ६.२ वर आलो. एक रुपया जास्तीचा लागला नाही. उलट कॅन्टीनचा समोसा आणि चार वेळचा चहा सुटला.

आणि ही गोष्ट आपल्या नागपूरची आहे हे लोक विसरतात. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतः सांगतात. काटोलचा माणूस, एवढ्या पदव्या घेऊन लोकांना फुकट सांगत फिरला. २००४ मध्ये कोंढाळीजवळच्या अपघातात गेले. आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती त्यांना.

त्रिमूर्तीनगर_४९

जिचकारांबद्दल आदरच आहे. प्रश्न वेगळा आहे. कामाची पाळी तुमची आहे, स्वयंपाक कोणाचा? आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने अशी पोस्ट वाचून स्वतःच्या मनाने जेवण सोडलं तर शुगर एकदम खाली जाते. आमच्या गल्लीत एक आजोबा बाथरूममध्ये पडले होते. 'डॉक्टरांना विचारा' हे दोन शब्द त्या पोस्टमध्ये नव्हते.

हिंगणा_पहिली_पाळी

इन्सुलिनचं मान्य. ते लिहायला पाहिजे होतं. स्वयंपाक बायकोच करते, पण तिची तक्रार नाही.

धंतोली_लॅब

मी रोज सकाळी सात ते अकरा लोकांचं रक्त काढते. पस्तिशी-चाळिशीतली माणसं पहिल्यांदा शुगर कळून खुर्चीत गप्प बसतात, हे रोजचं दृश्य आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले, आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. तेव्हा कुणी वजन उतरवलं तर मी हात जोडते.

पण ताईंचं एक बरोबर आहे. पाळी गेल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि स्नायू झडतात. नुसतं खाणं कमी केलं तर स्नायू आणखी जातात. काट्याऐवजी टेप घ्या: बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांची ९०. आणि ताई, गच्चीवर चालता तसे दोन डंबेल घ्या, नसतील तर पाण्याच्या बाटल्या. डाळ, अंडी, दही वाढवा. उरलेल्या पोळीने पोट भरू नका.

इतवारी_जुना

सगळं सोडा, त्या माणसाने एसी विकला ते सगळ्यात शहाणपणाचं केलं. नागपूरले एसी कायले पाहिजे? आमच्या वाड्यात पन्नास वर्षं कूलर चालून राहिला. मार्च लागला की ताट्या बदलायच्या, खस टाकायचं, पाणी भरायचं. झोप अशी लागते की बस. एसीने हाडं धरतात.

मनीषनगर_तिसरा_मजला

काका, वाड्यात भिंती दीड फुटी असतात. आमच्या फ्लॅटला पश्चिमेची एकच खिडकी, वर गच्ची. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कूलरमधून गरम वाफ येते. २०१३च्या मे महिन्यात ४७.९ गेलं होतं, आठवतं? तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती. अख्खी रात्र ओल्या फडक्याने पुसत बसलो. दुसऱ्या दिवशी हप्त्यावर एसी आणला. ती उधळपट्टी होती असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

इतवारी_जुना

गरम वाफ येते म्हणजे तुमची मागची खिडकी बंद असंन. कूलरले बाहेरची हवा आत आणि आतली बाहेर, दोन्ही वाट लागते. लोक खोली बंद करून कूलर लावतात न मग बोंबलतात. मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते, कूलर त्याच्यासाठीच आहे. पाऊस पडल्यावर चालत नाही, ते मलेही माहीत आहे.

आणि पैशाचं सांगतो. कूलर २०० वॅट. रात्रभर चालवला तरी दोन युनिट. एसीने सात-आठ जातात. वरून ३०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल वरच्या दराने लागते, तिथेच माणूस मरते.

मनीषनगर_तिसरा_मजला

हे चूक आहे, आणि दरवर्षी हेच पसरवलं जातं. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३००, ५०० असे आहेत, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्याच्या वरच्या युनिटांना लागतो. ३०५ युनिट आले तर पाचच युनिट महागात पडतात. बिलाची मागची बाजू वाचा. लोक या भीतीने म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात झोपवतात.

इतवारी_जुना

म्हाताऱ्याले कोण झोपवते उकाड्यात? मीच ७० चा आहे. तोंड सांभाळून बोला.

कॉटनमार्केट_वहिनी

भांडू नका. कूलरवाल्यांना एकच विचारते, अर्थिंग तपासता का? चार वर्षांपूर्वी आमच्या शेजारची सव्वीस वर्षांची सून ओल्या फरशीवर उभी राहून कूलरमध्ये पाणी भरत होती. बटण चालूच होतं. लोखंडी टब. मी किंचाळी ऐकून धावले, तोवर संपलं होतं. दर उन्हाळ्यात पेपरात अशी बातमी असते. घरमालकाने ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला नव्हता, अजूनही नाही. बचत-बिचत नंतर. आधी बटण बंद, प्लग काढा, पायात चप्पल घाला, मग पाणी.

इतवारी_जुना

हे बरोबर आहे, वहिनी. आमच्या इथंही झालं होतं, ८९ साली. मी पाणी भरताना मेन बंद करतो.

मनीषनगर_तिसरा_मजला

मीही जरा जोरात बोललो, काका. पण टप्प्यांचं माझंच बरोबर आहे.

इतवारी_जुना

बिल काढून पाह्यलं. आहे तसंच. पण एसी नाही घेणार.

डागा_लेआउट_तळमजला

कूलर की एसी, चालू द्या तुमचं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. कूलर, एसी, फ्रिज, लग्नाचा शालू, सगळं गेलं. पन्नाशीतली माणसं आम्ही, पंधरा वर्षांत जमवलेलं दोन तासांत चिखलात गेलं. त्यानंतर 'जिद्द असेल तर पैसा टिकतो' असं कुणी म्हटलं की अंगाचा भडका उडतो. बाकी चर्चेशी संबंध नसेल, पण लिहायचं होतं.

त्रिमूर्तीनगर_४९

संबंध आहे. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सेमिनरी_५२

ती पोस्ट माझी आहे. कालपासून वाचतो आहे, आता राहवत नाही.

मी कुणाला तुच्छ लेखायला लिहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमचं युनिट बंद झालं. आता अर्ध्या पगारावर हिशोब लिहितो. मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत. शुगर निघाली म्हणून मेडिक्लेमचा हप्ता वाढवून मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला म्हणून श्वास घेतला, तर नूतनीकरणाला वयाचा टप्पा बदलला आणि पुन्हा तिथेच आलो. त्या वेळी हातात होतं तेवढंच आवरलं: जीभ, पेट्रोल, वीज, बाई. ९ किलो माझ्या आयुष्यात इतक्या वर्षांनी जिंकलेली एकमेव गोष्ट आहे. ती जगाला सांगावीशी वाटली. त्यावर माझ्या घरात पोळ्या कोण लाटतं याची चौकशी करण्याचा तुम्हाला काय अधिकार?

त्रिमूर्तीनगर_४९

नोकरीचं माहीत नव्हतं. वाईट वाटलं, मनापासून. पण पोस्टमध्ये तुम्ही हे लिहिलं असतंत तर मी एक शब्द बोलले नसते. तुम्ही अडचण लपवली आणि जिद्द तेवढी दाखवलीत. आणि ज्यांच्या अडचणी तुम्हाला दिसत नाहीत त्यांना बहाणे म्हणालात. अधिकाराचं म्हणाल, तर बाईचा आकडा तुम्हीच चारचौघांत मांडलात.

हिंगणा_पहिली_पाळी

ताई, पडलेल्या माणसाला किती माराल?

कॉटनमार्केट_वहिनी

ती मारत नाहीये, विचारतेय. आणि एक मी पण विचारते. एवढ्या जणांनी एवढं लिहिलं, पण ती जी बाई होती, तिचे महिन्याचे अडीच हजार गेले, ती कशी भागवते हे एकानेही विचारलं नाही. ताई, तुम्ही पण नाही. मी दहा वर्षं चार घरच्या पोळ्या केल्या आहेत, म्हणून मला दिसलं. 'उद्यापासून येऊ नका' असं महिन्याच्या २८ तारखेला सांगतात. त्या महिन्याचा किराणा उधार असतो.

त्रिमूर्तीनगर_४९

खरं आहे. माझ्याकडून राहिलं. मीही बायकोच्याच बाजूने पाहत होते.

धंतोली_लॅब

सेमिनरीवाले दादा, एक अगदी व्यवहाराचं सांगते. तुमच्या मिसेसचं वय पन्नाशीच्या आसपास असेल. तुमची एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी होत असेल. त्यांची शेवटची कधी झाली?

सेमिनरी_५२

झाली नाही. कधीच नाही.

सेमिनरी_५२

रात्री तिला हा धागा वाचायला दिला. तिने सगळा वाचला, कूलरसकट. मग म्हणाली, 'चालायला मलाही यायचं होतं, पण साडेसहाला तुमचं ताट लागतं.' बाईबद्दल विचारलं तर म्हणाली, काढायच्या आधी एकदा विचारायचं होतं. मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. तेवढं मान्य करतो. 'बहाणे' ही ओळ आज काढली. बाकी पोस्ट तशीच ठेवतो, वजन मी उतरवलं आहे आणि ते खोटं नाही.

शनिवारी दोघं उपाशीपोटी रक्त द्यायला जातोय.

त्रिमूर्तीनगर_४९

वजन खोटं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. ते तुमचंच. आणि बाईंचं?

सेमिनरी_५२

नंबर बायकोकडे होता. आज दुपारी तिने फोन केला. त्या गोपालनगरला दोन घरी लागल्या आहेत, सकाळची वेळ भरली. संध्याकाळी साडेसहाला येऊ शकतात म्हणाल्या, पण २,५०० मध्ये नाही. तीन हजार, आणि महिन्यातून दोन सुट्ट्या. बायकोने मला न विचारता हो म्हणून टाकलं.