मीठ, साखर आणि गूळ : आपल्या घरातील अनुभव

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही, इतके मीठ सुचवले आहे. कोल्हापुरी घरात हा हिशेब कुठे बिघडतो आणि साखरेचे काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी येथे लिहावे. ऐकीव उपायांपेक्षा प्रत्यक्ष घडलेले लिहिल्यास उपयोग अधिक होईल.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी : गोळी चालू असूनही यजमानांचा रक्तदाब उतरत नव्हता. स्वयंपाकातील मीठ मी आधीच कमी केले होते. पण डॉक्टरांनी जेवणाबाहेरचे खाणे विचारले, तेव्हा सकाळची फरसाण घातलेली मिसळ, दुपारचे लोणचे-पापड आणि संध्याकाळचे भडंग एकेक करून पुढे आले. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो, हे समजल्यावर त्यांनी लोणचे-पापड सोडले आणि भडंगाचा डबा आणणे थांबवले. मिसळ रविवारपुरती उरली आहे, आणि तीही बंद करा असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. सुरुवातीला अळणी वाटणारी आमटी काही आठवड्यांनी त्यांना नेमकी लागू लागली. दाब आता आटोक्यात आहे, गोळी मात्र चालूच आहे.

ऊस उत्पादक, करवीर तालुका : वडिलांना मधुमेह निघाल्यावर घरच्यांनी चहातील साखर बंद करून गूळ सुरू केला. आमचे स्वतःचे गुऱ्हाळ असल्यामुळे त्यावर कोणी शंकाही घेतली नाही. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, जागची हलली नव्हती. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, परंतु त्याचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. आता वडील बिनगोडाचा चहा घेतात आणि गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्यांना काकवी आग्रहाने वाढतात.

गृहिणी, शाहूपुरी : सासूबाईंच्या मूत्रपिंडाचा त्रास पाहून शेजारणीने कमी सोडियमचे मीठ सुचवले होते. त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि दुर्बळ मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकता आले नाही तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. औषध दुकानदाराने हे वेळीच सांगितल्यामुळे आम्ही ते मीठ आणलेच नाही.

रोजचा फिरणारा, रंकाळा : आमच्या मंडळींत सैंधवाला मोकळीक आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. शिवाय त्यात आयोडीन मिसळलेले असेलच असे नाही, म्हणून पाकीट वाचून घ्यावे.