‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ की ‘बालगुन्हेगार’?

शब्दवेडी:
पुण्यात भररस्त्यात कोयत्याने झालेल्या एका खुनाचे इंग्रजी वृत्त मराठीत आणताना मी ताब्यात घेतलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालगुन्हेगार’ म्हटले. संपादकांनी ते खोडून ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ केले. ‘ग्रस्त’ म्हटले की मला पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त आठवतात, म्हणजे ज्यांच्यावर आपत्ती कोसळली ते. इथे ती दुसऱ्यावरच कोसळली आहे. कमी बोजड, पण अचूक शब्द कोणी सुचवेल का?

निवृत्त शिरस्तेदार:
संपादकांचे बरोबर आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातील या संज्ञेत गुन्हा सिद्ध झालेला आणि ज्याच्यावर नुसता आरोप आहे तो, असे दोघेही येतात; त्यामुळे बाल न्याय मंडळाच्या निर्णयाआधी ‘गुन्हेगार’ लिहिणे ही चूक ठरते. शब्द बोजड आहे, हे मात्र मान्य. एकदा कागद वाचून दाखवताना एका आईने मला मध्येच थांबवून विचारले होते, “साहेब, म्हणजे पोराला काही रोग आहे का?”

रोखठोक:
त्या आईने नेमके बोट ठेवले. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेत एका आरोपीला अठरा पूर्ण व्हायला काही महिनेच बाकी होते, त्याला तीन वर्षे सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला, आणि त्यावरच्या संतापातून हा कायदा आला. आता सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची समज तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्यासाठी प्रकरण पुढे पाठवू शकते. खटला प्रौढाचा आणि संज्ञा बालकाची! पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातातील बालकाला तर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता.

निवृत्त शिरस्तेदार:
कल्याणीनगरला मोटारीखाली दोघांचा जीव गेला. कोयता घेऊन कोणी चालून गेले नव्हते. दोन्ही गोष्टी एका दावणीला बांधू नयेत.

फडातला:
मला ‘बालक’ चालेल, पण कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांना ‘कोयता गँग’ म्हणणे चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत हा विषय काढला, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर वडील अस्वस्थ होऊन उठून गेले. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. माझे आईवडील आयुष्यभर ‘एक कोयता’ होते.

मायमराठी:
‘गँग’ हा शब्दच मुळात कशाला हवा? ‘कोयता टोळी’ लिहावे. ‘कोयता’ अस्सल आपला आहे. आंब्याच्या कोयीसारखा वाकडा, म्हणून कोयता.

पोफळीबाग:
कोयीशी त्याचा काय संबंध? कानडीत ‘कोय्यु’ म्हणजे कापणे आणि ‘कोय्लु’ म्हणजे पिकाची कापणी, त्यामुळे मूळ तिकडे शोधावे. कोकणात आमच्या नारळ पाडणाऱ्याच्या कमरेला कोयतीच असते, आणि तिला कोणी घाबरत नाही.

शब्दवेडी:
मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे. ‘विधिसंघर्षित’ असेही पोलिसांच्या पत्रकात दिसते. निदान ‘ग्रस्त’ टळतो म्हणून ते घ्यावे का?

फडातला:
मायमराठी, ऊसतोड मजुरांच्या गटालाही टोळीच म्हणतात. ‘कोयता टोळी’ छापलीत तर आमच्या गावात पहिला प्रश्न येईल, “मुकादम कोण?”

मायमराठी:
तरीही ‘गँग’ नको. कानडीचे मला पटलेले नाही. उद्या सविस्तर लिहितो.