लंडनला येणाऱ्या गावाकडच्या मित्रांना आठ दिवसांत काय दाखवावे?

प्रश्न – पूर्णाकाठ

मी मूळचा परभणीचा असून गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त लंडनच्या पश्चिम टोकाला, हाउन्स्लो भागात राहतो. येत्या मे महिन्यात माझे दोन वर्गमित्र, त्यांच्या पत्नी आणि एकाच्या एकाहत्तर वर्षांच्या मातोश्री आठ दिवसांसाठी येत आहेत. एक मित्र जिंतूरला कृषी सेवा केंद्र चालवतो. दुसरा डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकला असून माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. पाचही जणांचा हा पहिलाच परदेशप्रवास आहे. (‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकत आम्ही वाढलो, त्यामुळे ‘तू जर्मनी सोडून लंडनला कसा काय गेलास?’ हा प्रश्न विचारून झालेला आहे.)

दोन वर्षांपूर्वी चुलतभाऊ आणि वहिनी आले होते, तेव्हा मी तासातासाचे वेळापत्रक छापून घेतले होते. पहिल्याच दिवशी टॉवर ऑफ लंडन, पार्लमेंट आणि ब्रिटिश म्युझियम असा बेत आखला आणि दुपारी तीन वाजता वहिनी संग्रहालयातल्या बाकावर बसल्या बसल्या झोपी गेल्या. भारतात तेव्हा साडेसात वाजले होते आणि आदल्या रात्रीचे विमानातले जागरण वेगळेच, हे माझ्या लक्षातही आले नाही. परत गेल्यावर त्यांनी सगळ्या गल्लीला काय सांगितले असेल, तर आमच्या घरामागच्या अंगणात रात्री कचऱ्याच्या पेटीपाशी येणारा कोल्हा. टॉवरचे नावही निघाले नाही, असे भावाने हसत हसत कळवले. मला मात्र ते लागले.

या वेळी मला तीनच दिवस रजा मिळणार आहे. शिवाय ही मंडळी प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत मोजतात आणि मग ‘राहू दे, भूक नाही’ म्हणतात. कोणता क्रम ठेवावा आणि कोणती ठिकाणे निःसंकोच गाळावीत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ – उदगीरकर, मुक्काम रेडिंग

वहिनींना कोल्हा लक्षात राहिला याचे मला नवल वाटत नाही; तो पाहताना त्यांना पुढे कुठे पोहोचायचे नव्हते. मी चौदा वर्षांत गावाकडच्या बऱ्याच पाहुण्यांना लंडन दाखवले आहे आणि आता दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवतो. तेही सकाळी, कारण आपल्याकडची माणसे इथे आल्यावर पहिले काही दिवस पहाटे चारलाच उठून बसतात. त्याचा उपयोग करून घ्यावा. मे महिन्यात सूर्य साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतो. दुपारी घरी येऊन पडले, तरी संध्याकाळी फिरायला भरपूर उजेड उरतो.

आपले मित्र इतिहासाचे शिक्षक आहेत, म्हणून एक गोष्ट सविस्तर सांगतो. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांनी शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिलेला असतो आणि 1819 मध्ये जॉन स्मिथ याला ती लेणी दिसल्याची गोष्टही ऐकलेली असते. त्यापुढची गोष्ट लंडनमध्ये घडली. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून अनेक वर्षे अजिंठा परिसरात राहून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या दक्षिण लंडनच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना 1866 च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. त्यानंतर 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेच काम पुन्हा केले, आणि त्यांतल्याही कितीतरी नकला 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. वाचलेल्या नकला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. दालनात त्या मांडलेल्या असतीलच असे नाही, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे पाहता येतात. आदल्या रात्री घरी बसून ती दाखवा आणि मग संग्रहालयात घेऊन जा. प्रवेश विनामूल्य आहे आणि हाउन्स्लोहून पिकॅडिली मार्गिकेची गाडी थेट साउथ केन्सिंग्टनला उतरवते.

वेळ उरला, तर क्रिस्टल पॅलेसच्या बागेतही जा. तो काचमहाल 1936 मध्ये पूर्ण जळाला. आज तिथे दगडी पायऱ्या, काही स्फिंक्स आणि 1854 मध्ये घडवलेले डायनासोरचे पुतळे एवढेच आहे. पर्यटक सहसा तिकडे फिरकत नाहीत. मी मात्र त्या पायऱ्यांवर बसूनच पाहुण्यांना ही अजिंठ्याची गोष्ट सांगतो, कारण दालनातल्या काचेसमोर उभे राहून ती सांगितली की माणसे नुसती मान हलवतात.

मिलिंदमध्ये शिकलेल्या माणसाला दहा, किंग हेन्रीज रोड हा पत्ता सांगायला नको. 1921-22 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या घरात राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे. वेळा आधी पाहून घ्या. जवळच प्रिमरोज हिल ही टेकडी आहे. चढ सौम्य आहे आणि वरून सगळे शहर दिसते, त्यासाठी उंच इमारतीचे तिकीट काढावे लागत नाही. या स्मारकाचे उद्घाटन 14 नोव्हेंबर 2015 रोजी झाले आणि त्याच दिवशी टेम्सकाठी अल्बर्ट एम्बँकमेंटवर महात्मा बसवेश्वरांच्या पुतळ्याचेही अनावरण झाले. माझे मामा तो पाहायला आले तेव्हा ऐन थंडीत बूट काढून उभे राहिले; पलीकडच्या काठावर पार्लमेंट दिसते आहे, हे मला त्यांना नंतर दाखवावे लागले.

उत्तर २ – गोदावरी घाट, मूळ नांदेड

उदगीरकरांची माहिती मोलाची आहे, पण मला थोडे वेगळे वाटते. मंडळी एवढे विमानभाडे भरून येतात ती गावाकडचेच पुन्हा पाहण्यासाठी येत नाहीत. त्यांना टॉवर ब्रिजसमोरचे छायाचित्र हवे असते आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याला त्या पुलाचा कंटाळा आला आहे, त्यांना नाही.

पुलावरून पायी चालायला पैसे पडत नाहीत. ट्रफाल्गर स्क्वेअरहून पंधरा क्रमांकाची दुमजली बस पकडून वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसा. सेंट पॉल्स आणि टॉवर दोन्ही वाटेत लागतात. पूल पाहून झाला की बोटीने ग्रिनिचला जा. शून्य रेखावृत्त तिथूनच जाते, हे भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेले असते आणि त्या रेषेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून उभे राहण्याचा आनंद एकाहत्तराव्या वर्षीही होतो. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असूनही मे महिन्यात घड्याळात साडेचारच तासांचा फरक का दिसतो, हे शिक्षक मित्रांना विचारा. उन्हाळ्यात इथली घड्याळे तासभर पुढे करतात, हे कळल्यावर ते वर्गात सांगण्यासाठी टिपून घेतील. तिथेच नदीच्या खालून पलीकडे जाणारा 1902 चा पायी बोगदाही आहे. नदीत न भिजता नदी ओलांडली, ही गोष्ट माझ्या वडिलांनी नांदेडला वर्षभर सांगितली.

प्रवासासाठी प्रत्येकाकडे स्वतंत्र कार्ड हवे; एका कार्डावर दोघांना जाता येत नाही आणि बसमध्ये 2014 पासून रोख पैसे घेतच नाहीत. त्याच कार्डाने दिवसभर फिरलात, तर ठरावीक मर्यादेपुढे भाडे आकारले जात नाही. हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितले, म्हणजे ‘पुन्हा कशाला गाडीत बसायचे?’ ही कुरकुर थांबते.

आणि एक दुपार साउथॉलसाठी ठेवा. स्थानकाच्या पाटीवर इंग्रजीच्या जोडीला गुरुमुखी आहे. गुरु नानक रोडवरच्या (पूर्वीचा हॅवलॉक रोड) गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत बसल्यावर माझ्या आईला नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराची आठवण झाली आणि चार दिवसांत ती प्रथमच पोटभर जेवली.

उत्तर ३ – सेलूची पाहुणी

मी निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि तुम्हा सर्वांच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे पाहुणी म्हणून लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयातल्या मैत्रिणीकडे लंडनला दहा दिवस राहिले. तिने सगळे फार प्रेमाने दाखवले, पण पाऊस आला की ती माझी क्षमा मागायची, जणू तो तिनेच पाडला होता. आम्ही त्रेचाळीस अंशांच्या उन्हातून आलो होतो. मला तो पाऊस हवाच होता.

ती कामावर गेली की आम्ही घरात बसून राहायचो, ते मात्र जड गेले. पाचव्या दिवशी मी तिला म्हटले की मला एकटीने भाजी आणायला जाऊ दे. तिने रस्ता दाखवला, कागदावर पत्ता लिहून दिला, आणि मी अर्ध्या तासात कोथिंबीर घेऊन परत आले. त्या कोथिंबिरीचे पैसे मी दिले होते, ही गोष्ट माझ्यासाठी मोठी होती. म्हणून तुमच्या रजा नसलेल्या पाच दिवसांची चिंता करू नका; घरापासून बसथांबा आणि दुकान एकदा बरोबर जाऊन दाखवा, मग त्यांना त्यांच्या पायांनी फिरू द्या. तुम्ही रोज कोणत्या गाडीने जाता, कुठे उभे राहून डबा खाता, हे पाहण्याचीही आम्हाला उत्सुकता असते, पण ते विचारायचा संकोच वाटतो.

पैशांविषयी: आम्ही ‘भूक नाही’ म्हणतो, कारण एका चहाच्या पैशांत आमच्याकडे किती जणांचे जेवण होईल, हे मनात आपोआप चालू होते. हॉटेलात किमतींचा कागद आमच्या हाती देऊ नका. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घेऊन बागेत बसलात, तर कोणीही उपाशी राहणार नाही. तिथल्या नळाचे पाणी पिता येते, हे आधीच सांगा. मी दोन दिवस बाटल्या विकत घेत होते. मातोश्रींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे घरातून निघण्यापूर्वी पाहून ठेवा. आम्ही ते विचारत नाही, पाणी पिणे बंद करतो. संग्रहालये त्या दृष्टीनेही सोयीची आहेत.

आणि मंडळींना आत्ताच कळवा की पेढे आणि तूप आणू नका. दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. आमचे पाटोद्याचे तूप विमानतळावर राहिले, त्याचे दुःख मला अजून आहे.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रजेचे तीन दिवस मी अजिंठ्याच्या नकला, किंग हेन्रीज रोड आणि ग्रिनिच यांना दिले आहेत. टॉवर बाहेरूनच पाहू. उरलेल्या दिवसांसाठी पाच कार्डांची व्यवस्था केली आणि बसथांब्याचा नकाशा हाताने काढला. तुपाचा निरोप दिला तेव्हा कळले की मातोश्रींनी दोन किलो आधीच कढवून ठेवले आहे. त्यांनी फोनवर एवढेच विचारले की तो कोल्हा अजून येतो का. मी होय म्हटले आहे, आणि कचऱ्याच्या पेटीचे झाकण त्या आठवड्यापुरते उघडे ठेवावे का, याचा विचार करतो आहे.