इंजिनचं मोठं काम निघालं आणि एक्स्टेंडेड वॉरंटीने हात वर केले : तुमचे अनुभव लिहा

इंजिन उघडावं लागेल असं वर्कशॉपमधून कळलं की खर्चाच्या आकड्यानेच माणूस खचतो. त्यातून सावरून वॉरंटीचे कागद शोधावेत, तर काही दिवसांनी उत्तर येतं की हे काम वॉरंटीत बसत नाही. ज्या कामाच्या भीतीने वेगळे पैसे भरले, नेमकं तेच काम बसत नाही!

माझ्या गाडीचं असंच झालं. गार इंजिन सुरू केलं की काही क्षण खडखड यायची, मग आवाज बंद. टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व यांचा मेळ राखणारी साखळी, लांबली होती आणि टेन्शनर तिला पुरेसं ताणून धरत नव्हता. वॉरंटीत येणाऱ्या भागांच्या यादीत टायमिंग चेन स्पष्ट छापलेली आहे. तरी उत्तर आलं की चेन तुटलेली नाही, लांबली आहे, म्हणजे ही झीज, आणि झीज वॉरंटीत येत नाही. मग तुटेपर्यंत थांबायचं का? चेनने दात सोडले किंवा ती तुटली, तर बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतात, व्हॉल्व वाकतात, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व असलेला भाग) उतरवावं लागतं. आणि तेव्हा "आवाज येत असूनही गाडी चालवली" हे कारण पुढे केलं असतं. मला हे अजिबात मान्य नाही, माझा पत्रव्यवहार चालू आहे.

इथे अनेकांनी हे भोगलेलं असणार. काय बिघडलं, नकाराचं लेखी कारण काय होतं, इंजिन उघडायचा खर्च कोणाच्या माथी आला, पुढे काय झालं, सविस्तर लिहा. कंपनीचं किंवा वर्कशॉपचं नाव नको, नावांवरून वाद पेटला की मूळ मुद्दा बाजूला पडतो.

*

धागा काढल्याबद्दल आभार. माझा अनुभव मोठा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सगळा लिहिते.

हायवेवर गाडीची ओढ अचानक कमी झाली आणि लाल दिवा लागला. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. टो करून नेल्यावर कळलं की वॉटर पंपचं सील गेलंय, कूलंट जवळजवळ सगळं वाहून गेलंय आणि हेड तापून वाकलंय. हेड सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेज लावून बघतात. मला तिथे उभं करून दाखवलं. पट्टीच्या खाली मधोमध बारीक फट दिसत होती आणि गेजचं पान तिच्यातून सहज सरकत होतं. एरवी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाकही बहुतेक हेडना चालत नाही.

वॉरंटीवाल्यांनी वॉटर पंप मंजूर केला. हेड, हेड गॅस्केट आणि त्याची मजुरी नामंजूर. कारण दिलं : "काटा लाल भागात असताना वाहन चालवत राहिल्याने झालेलं नुकसान." मी तर दिवा लागताच थांबले होते, पण ते सिद्ध कसं करणार?

वर्कशॉपमधल्या एका जुन्या मेकॅनिकने मार्ग दाखवला. बिघाडाचा कोड नोंदला जातो तेव्हा इंजिनचा कॉम्प्युटर त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतो : कूलंटचं तापमान, आरपीएम, वेग. चेक इंजिनचा दिवा लागल्यानंतर गाडी किती अंतर चालली हेही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसतं. माझ्या गाडीत अतितापमानाचा पी०२१७ हा कोड होता आणि दिव्यानंतरचं अंतर पूर्ण एक किलोमीटरसुद्धा नव्हतं. त्यांनी कोड पुसायच्या आधी या सगळ्याची छापील प्रत काढून दिली. एकदा कोड पुसला की ही नोंदही जाते, म्हणून ज्यांची गाडी आता वर्कशॉपमध्ये आहे त्यांनी हे आधी मागा.

त्याच मेकॅनिकने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी पत्रात लिहिली. कूलंट पार निघून गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, पाण्याऐवजी हवेचं तापमान मोजतो, आणि इंजिन भाजत असताना काटा मध्यावरच राहू शकतो. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तेव्हा काटा बघून आधीच थांबायला हवं होतं हे म्हणणं टिकत नाही.

बरीच पत्रं गेली. शेवटी हेडचा फेस मारायचा, म्हणजे ते घासून पुन्हा सपाट करायचा, खर्च आणि गॅस्केट त्यांनी मान्य केलं. कूलंट, तेल आणि मजुरीचा काही भाग माझ्याकडे राहिला. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही.

*

वापरलेली गाडी घेतली, सोबत विक्रेत्यानेच दुसऱ्या कंपनीची वॉरंटी गळ्यात घातली. महिन्याभरात क्रँकशाफ्टचं बेअरिंग फिरलं, म्हणजे जागेवरून निसटलं. क्लेम टाकला तर सुरुवातीच्या प्रतीक्षाकाळातला बिघाड म्हणून नकार, आणि वर "दोष आधीपासून असावा" असा शेरा. "असावा" या एका शब्दावर पूर्ण इंजिनचा खर्च माझ्या डोक्यावर आला. विक्रेता म्हणतो वॉरंटीवाल्यांना विचारा, वॉरंटीवाले म्हणतात विक्रेत्याला विचारा. मी अजून मधेच आहे.

*

मी काही वर्षं क्लेम तपासायचं काम केलंय, आता त्या कामात नाही. आतली बाजू सांगतो.

तपासणारा गाडीपेक्षा कारण बघतो. कोणता भाग तुटला हा प्रश्न दुसरा, तो कशामुळे तुटला हा पहिला. "अचानक यांत्रिक बिघाड" असं लिहून आलं तर फाइल एका वाटेने जाते. "झीज", "गाळ साचला", "तेल कमी", "जास्त तापलं" असं आलं तर दुसऱ्या वाटेने. आणि हे शब्द बहुतेक वेळा वर्कशॉपच्या पहिल्या जॉबकार्डवरून (गाडीची तक्रार आणि काम नोंदवायचा कागद) उचललेले असतात. सर्व्हिस ॲडव्हायजरने घाईत "ऑइल कंडिशन खराब" असं लिहिलं तर पुढे तेच वाक्य नकाराच्या पत्रात येतं. जॉबकार्डवर सही करण्याआधी ते वाचा. कारण अजून कळलेलं नसेल तर "कारण तपासायचं आहे" एवढंच लिहायला सांगा.

दुसरं म्हणजे कागद दोन प्रकारचे असतात. एकात वॉरंटीत येणाऱ्या भागांची यादी असते, यादीत नाव नाही तर काही मिळत नाही. दुसऱ्यात वगळलेल्या भागांची यादी असते, बाकी सगळं येतं. विकताना दोन्हींना "संपूर्ण संरक्षण" म्हणतात, हे मला तेव्हाही खटकायचं. शिवाय एका भागाच्या बिघाडामुळे दुसरा भाग गेला तर दुसऱ्याचे पैसे मिळतात का, हे वेगळ्या कलमात असतं. वरच्या ताईंच्या हेडची लढाई त्याच कलमावर होती.

धागाकर्त्यांना एक सुचवतो. चेन किती लांबली तर बदलायची याचं माप अनेक उत्पादकांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. तुमच्या गाडीची चेन त्या मर्यादेपलीकडे गेली असेल आणि किलोमीटर कमी असतील, तर त्याला सामान्य झीज म्हणणं त्यांना जड जाईल. माप लेखी घ्या.

*

माझ्याकडे टर्बो गेला होता. वॉरंटीवाल्यांनी सर्व्हिसची नोंद मागितली. तेल मी स्वतः बदलतो, त्यामुळे शिक्का मारलेलं पुस्तक नव्हतं. पण तेलाची आणि फिल्टरची बिलं ठेवली होती, आणि दर वेळी ओडोमीटरचा फोटो काढायची सवय आहे. तेल उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं, ५डब्ल्यू-३०, आणि तेही ठरलेल्या अंतराच्या आत बदललेलं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्याला तेलाच्या पातळ थराचाच आधार असतो, म्हणून तेलाबद्दल विचारणार हे माहीत होतं. आधी नाही म्हणाले, बिलं आणि फोटो तारखेप्रमाणे लावून पाठवल्यावर हो म्हणाले.

*

मी गॅरेज चालवतो. गिऱ्हाइकाचं सगळ्यात जास्त नुकसान इंजिन उघडण्यावरून होतं. वॉरंटीवाले म्हणतात उघडा, मग बघू. क्लेम मंजूर झाला तर उघडायची मजुरी ते देतात, नाही झाला तर गिऱ्हाईक देतं, आणि इंजिनचे सुटे भाग टेबलावर पडलेले असतात. तेव्हा माणूस कोंडीत सापडतो. म्हणून मी आधी जेवढं न उघडता बघता येईल तेवढं बघतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), लीकडाउन (तो दाब किती गळतो), स्पार्क प्लगच्या किंवा नोझलच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा. सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे, पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व आदळल्याची खूण, हे सगळं कॅमेऱ्यात दिसतं. हे फोटो पाठवून लेखी परवानगी मागतो.

तेल काढताना थोडं स्वच्छ बाटलीत भरून, तारीख घालून बाजूला ठेवतो. लॅबमध्ये तपासलं तर तेलात कूलंट आहे का, इंधन मिसळलंय का, बेअरिंगचा धातू आहे का, हे कळतं. वाद झाला तर कामाला येतं. आणि जुने भाग परत मागून घ्या. तुमचा क्लेम नाकारलाय ना, मग ते भाग तुमचेच आहेत. दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायला ते लागतात.

*

आम्ही घरच्या गाडीवर थोडे दिवस सामान पोचवायचं काम केलं. पिस्टन रिंगा गेल्या, तेल जळायला लागलं. "व्यावसायिक वापर" म्हणून पूर्ण वॉरंटीच रद्द केली, राहिलेल्या मुदतीचे पैसेही मिळाले नाहीत. रिंगांचा आणि त्या कामाचा काय संबंध, हे कोणी सांगायला तयार नाही.

*

हा धागा वेळेवर सापडला. माझी गाडी सध्या वर्कशॉपमध्येच आहे. सुरू करताना पाणी आत गेल्यासारखं इंजिन अडकलं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला असेल असं म्हणतात. पण गाडी पाण्यातून नेलेलीच नाही. गॅरेजवाल्या दादांचं वाचून आत्ताच फोन केला आणि उघडायचं थांबवलं. आधी बोरस्कोप लावायला सांगितलंय. सिलिंडरमध्ये कूलंट निघालं तर हेड गॅस्केट आधी गेलं असं म्हणता येईल ना? जॉबकार्डवर "पाणी शिरल्याने" असं छापलेलं होतं, ते खोडून "कारण तपासायचं आहे" असं करून घेतलं आणि त्याचा फोटो ठेवला.

*

हो, म्हणता येईल. फक्त एअर फिल्टरचा डबा उघडून त्याचाही फोटो घ्या. पाणी बाहेरून आलं असेल तर फिल्टर आणि त्यापुढचा पाइप ओला किंवा गढूळ डागांचा असतो. तो कोरडा असेल आणि सिलिंडरमध्ये रंगीत कूलंट असेल, तर ते आतूनच आलंय. दोन्ही फोटो एकाच पत्रात पाठवा, आणि नकार आला तर कलमाचा क्रमांक लेखी मागा.